ताईचा चेहरा

महिना होत आला, पण दवाखान्यातलं ते बाकडं डोळ्यांपुढून हलत नाही. ताई माझ्या शेजारी बसली होती, माझं मनगट घट्ट धरून. तिची नखं रुतत होती, म्हणून मला कळत होतं किती दुखतंय ते. चेहऱ्यावरून कुणालाच कळलं नसतं.

सुनंदाताई, माझी थोरली बहीण, चेहऱ्याच्या नसा लुळ्या घेऊनच जन्माला आली. हसू नाही, आठी नाही, ओठाला ओठ टेकणं नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. आमची भावकी त्याआधीच 'ढिम्मी' म्हणून मोकळी झाली होती. आणि ही ढिम्मी मांडीवर थापा मारून, खांदे गदगदा हलवून हसायची! केडगावात शिलाई मशीनवर बसल्या बसल्या माझ्या वाढत्या मापांची अशी टिंगल करायची की मी चिडून उठायचे... आई गेली तेव्हा ताईचा पदर रडून चिंब झाला होता. चुलती मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आईसाठी बी हिला रडू येईना, बघा."

त्या दिवशी दवाखान्यात ताईनं स्वतः सांगितलं, "डॉक्टर, छातीत लई दुखतंय." त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "पेशंट तर निवांत आहे. गॅसेस असतील. बाहेर थांबा."

"अहो, तिचा चेहरा हलत नाही, जन्मापासून! ती काय सांगतेय ते ऐका ना!"

"मॅडम, आवाज कमी करा."

थोड्या वेळानं ताई बाकड्यावरच कलंडली. मग धावले सगळे. काय उपयोग?

घरी आणल्यावर चुलती तिचे डोळे मिटायला बसली. पापण्या पुन्हा उघडायच्या. "इच्छा राहिली हिची. लग्नाचीच असंल," बायका कुजबुजल्या. माझं डोकंच फिरलं. अहो, ताईचे डोळे आयुष्यात कधी पुरते मिटलेच नव्हते! झोपताना ती सुती रुमाल ओला करून डोळ्यांवर घ्यायची. एवढ्या वर्षांत एकीनंही विचारलं नव्हतं, ही झोपते कशी. मी तिचा रुमाल भिजवला, पिळला आणि तिच्या डोळ्यांवर ठेवला.

"काढ ते फडकं," चुलती म्हणाली. "लोकान्ला शेवटचं तोंड बघू दे."

"जन्मभर तेच बघितलंत ना? आता पुरे!"

रुमाल मी काढू दिला नाही. तो तिच्याबरोबरच गेला. जोडीचा दुसरा तिच्या खिडकीच्या गजावर आहे. संध्याकाळी माझा हात अजून तो भिजवायला जातो...