साडूंच्या सायकलचा चिमटा

जगात जे जे मोडू शकतं ते आपल्याच हातात असताना मोडणार, याची आमच्या साडूंइतकी पक्की खात्री असलेला माणूस कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ते मालाच्या तपासणीवर होते. ओतून आलेल्या लोखंडात चीर शोधायची, हे त्यांचं काम. भोंगा झाला की बाकीचे लोक काम तिथंच ठेवून घरी जात, साडू ते बरोबर घेऊन येत. चहाचा कप आला की आधी नखानं टिचकी, मग कानाशी, मग तोंडाला. माझ्या मेव्हणीला बघायला आले तेव्हा पोह्यांच्या बशीवर टिचकी मारून ते म्हणाले, "आवाज बद्द येतोय. बदला." सासऱ्यांना वाटलं, मुलगीच बदला म्हणतायत. घाटात ते मागच्या सीटवर बसून ड्रायव्हरच्या जोडीनं पायानं ब्रेक दाबत. घराचं कुलूप ओढून बघत, कोपऱ्यावरून परत येऊन पुन्हा ओढत. एकदा इतकं ओढलं की कडीच हातात आली. "बघा," ते म्हणाले, "म्हटलं न्हवतं?"

अशा माणसानं सायकलवरून डोंगर उतरावा, ही कल्पना त्यांची नव्हेच. दोन हजार सालानंतर कधीतरी त्यांचं बीपी वाढलं आणि डॉक्टर म्हणाले, "काळजी करणं सोडा, नाहीतर सायकल तरी चालवा." साडूंना त्यातलं सायकल चालवणं सोपं वाटलं. कारखान्यातल्या एका इंजिनिअरची बदली झाली होती, त्याची गिअरची माउंटन सायकल त्यांनी घेतली. हिच्या पुढच्या चाकाचा चिमटा साधा नव्हता. त्यात स्प्रिंगा आणि तेल असलेला शॉकप होता, म्हणजे खड्ड्याचा दणका हाताला बसायला नको. पहिल्याच रविवारी साडू घाबरेघुबरे होऊन माझ्याकडे आले. "पावणं, पन्हाळ्याच्या वाटंवर वाघबीळापतूर गेलतो. अर्धा तास डोक्यात काय सुदिक न्हवतं. एकबी इचार न्हाय! लई भ्यालो मी." पण पुढच्या रविवारी ते पुन्हा गेले. त्याच्या पुढच्याही.

आणि मग व्हायचं तेच झालं. शॉकपमधलं तेल गळून गेलं आणि तो जाम झाला. प्रत्येक खड्डा थेट मनगटात शिरू लागला. साडूंची बोटं बधिर पडू लागली. सगळी नोकरी त्या बोटांच्या टिचकीवर! एकदा त्यांनी चिरलेला नग चांगला म्हणून पुढं पाठवला, तो सुदैवानं दुसऱ्यानं पकडला. त्या दिवसापासून ते जेवताना बोटं उघडमीट करत बसायचे. मेव्हणी म्हणाली, सायकल विकून टाका. साडूंनी त्या संध्याकाळी चहाच्या कपाला टिचकीही मारली नाही. हे फार वाईट लक्षण होतं.

कोल्हापुरात तसला शॉकप मिळेना. दुकानदार म्हणे, "साधा चिमटा टाका की! कशाला हा नखरा?" शेवटी पेपरात छोटी जाहिरात दिसली. गडहिंग्लजमध्ये एक सेकंडहँड विकायचा होता. सेकंडहँड म्हणजे कुणीतरी आपटलेला, अशी साडूंची व्याख्या. त्यामुळे आम्ही एसटीनं निघालो तेव्हा त्यांच्या पिशवीत भिंग होतं, खडूची भुकटी होती आणि रॉकेलची बाटली होती. ती फुटेल म्हणून त्यांनी पिशवी सबंध वाट पोटाशी धरली.

मालक म्हणजे एक म्हातारे किराणा व्यापारी. कपाळावर भस्माचे पट्टे, सगळे त्यांना अप्पा म्हणत. चिमटा धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला, त्याला दसऱ्याचं हळदकुंकू. साडूंनी तो पुसला, रॉकेल लावलं, परत पुसला, वर खडू फासला. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल पांढऱ्यावर काळी रेघ होऊन उमटतं. आम्ही सगळे खडूवर वाकलो. रेघ उमटली नाही. तेव्हा साडूंना जास्तच काळजी वाटली.

"पडलाय का कधी ह्यो?"

"पडंल कसा?" अप्पा म्हणाले. "मी चालवूच दिलो नाही. पोरानं हट्टानं सायकल घेतलं आणि मी कुलूप लावलो. बाकीचं गंजून गेलं, हे तेवढं राहिलं. आता बेंगळूरला नोकरी करतंय, तिथं मोटारसायकल घेतलंय म्हणे." मग चष्मा सावरून त्यांनी साडूंची तपासणी सुरू केली. उतारावर दोन्ही ब्रेक धरता काय? पावसात जाता काय? घरी कोण कोण आहे? आणि शेवटी म्हणाले, "नको. मी देत नाही. उद्या तुम्हाला काय झालं तर माझ्या चिमट्यानं झालं म्हणायचं."

साडूंनी बोटांकडे पाहिलं. आणि जे मी त्यांच्या तोंडून कधीही ऐकलं नव्हतं ते ऐकलं. "काय हुत न्हाय, अप्पा."

आतून अप्पांच्या बायकोचा, अव्वांचा आवाज आला, "द्या की हो! तुमच्यापेक्षा भित्रं गिऱ्हाईक परत मिळायचं नाही."

अप्पांनी दिला, पण एका अटीवर. फिरून घरी आलं की फोन करायचा.

शॉकप बसला, बोटं हळूहळू जागी झाली आणि साडू पन्हाळा उतरू लागले. घरात शिरले की हेल्मेटसकट फोनला. "पोचलो." पलीकडून, "ब्रेक?" "धरलो." एवढंच बोलणं. एका रविवारी फोनची लाइनच बंद पडली. साडू सकाळपासून येरझारा घालत होते, आणि दुपारी दारात अप्पा आणि अव्वा उभे! एसटीनं आलेले, अप्पांचा चेहरा पांढराफटक. "पोचलास काय?" त्यांनी विचारलं आणि उंबऱ्यावरच बसले. मेव्हणीनं पाणी दिलं. त्या दिवशी पानावर बसून साडू आणि अप्पा दोघांनी, भजी गरम आहेत इथपासून बेंगळूरच्या रस्त्यांपर्यंत, जगातल्या तमाम धोक्यांची इतकी मनसोक्त उजळणी केली की एवढं सुखी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पुढं काही वर्षांनी अप्पा गेले ते झोपेतच. आयुष्यभर ज्याची धास्ती घेतली ते त्यांना न कळता होऊन गेलं. आम्ही मातीला जाऊन आलो. त्यानंतर सायकल बरेच दिवस भिंतीला टेकून राहिली. मग एका रविवारी मी साडूंकडे गेलो तर ते नुकतेच उतरून आले होते, घामानं निथळत फोनजवळ उभे. हेल्मेट काढलं, परत घातलं. शेवटी त्यांनी नंबर फिरवला. अव्वांनी उचलला असावा.

"पोचलो," साडू म्हणाले. मग अव्वांचा बारीक आवाज मला लांबूनही ऐकू आला.

"बरं झालं बाबा. जेवून घे आता."

"व्हय अव्वा," साडू म्हणाले. "जेवतो."