आजींच्या वडलांची अडथळ्यांची शर्यत

माझ्या आजी स्वीडनच्या. माझ्या म्हणजे, मी ज्यांना सांभाळते त्या. त्यांची सून आपल्या रत्नागिरीकडची, इथे कुवेतला नर्स आहे. मी तिला ताई म्हणते, ती मला मावशी. मी सकाळी फरवानियाहून बसने त्यांच्याकडे येते.

खुब्याचं हाड मोडल्यापासून आजींना बाथरूमचा उंबरा ओलांडता येईना. तो चांगला उंच आहे. बाकी घरभर त्या काठी धरून चालत. ताई ड्युटीवर असली की त्यांना उचलून आत नेणं मला एकटीला झेपत नव्हतं. त्यांचा मुलगा म्हणाला, असंच राहिलं तर आईला स्वीडनच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागेल. तेव्हापासून आजी जेवण सोडून मुलाकडेच बघत बसायच्या.

एकदा ताई घरी होती. आजींनी उंबऱ्यावर पाय टेकवला आणि मी नेहमीसारखा तो उचलून खाली घेतला.

"अगं मावशी, टेकवू दे की! तूच अडवतेयस त्यांना."

"उंबऱ्यावर पाय कसा द्यायचा? लक्ष्मी असते."

"बाथरूमच्या?"

आजींनी विचारलं, काय झालं? ताईने इंग्रजीत सांगितलं. आजी इतक्या हसल्या की त्यांना स्टुलावर बसवावं लागलं. मग त्या वडलांविषयी सांगू लागल्या आणि ताई मला मराठीत.

वडील शंभरेक वर्षांपूर्वी अडथळ्यांच्या शर्यती धावायचे. लाकडाच्या वखारीत कामाला होते, तिथल्याच फळ्या उभ्या करून सराव करत. तेव्हा तीन अडथळे पाडले की धावणारा बाद. देशातल्या मोठ्या शर्यतीत ते सगळ्यांच्या पुढे पोचले, पण मागे तीन आडवे झाले होते. बक्षीस दुसऱ्याला गेलं. नंतर गावोगावच्या शर्यती जिंकल्या, ती एक काही जिंकता आली नाही. गुडघा धरला तेव्हा थांबले. आजी त्यांना उतारवयात झालेली लेक. तिने त्यांना शर्यतीत पाहिलंच नाही. पण अंगणात खुर्ची आडवी आली तर ते ती बाजूला करत नसत, वरून उडी मारत आणि बायकोला विचारत, "पडली नाही ना?"

"आई, आता ठेवा पाय," ताई म्हणाली. "मावशी बघणार नाही."

आजींनी नाही म्हणून मान हलवली. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या उठल्या. पुढचा पाय पलीकडे गेला. मागचा अडला. मी वाकले तर डोक्यात टपली बसली. मी हात मागे घेतले. त्यांनी गुडघा बाजूला काढून पाय हळूहळू ओढून घेतला, उंबऱ्याला न लावता.

आत पोचल्यावर त्यांनी आम्हा दोघींना बोटाने दार दाखवलं.

"बाहेर जा म्हणतायत," ताई म्हणाली.

दार नुसतं लोटून आम्ही बाहेर उभ्या राहिलो. ताईने तिथूनच नवऱ्याला फोन लावला. आई कुठेही जाणार नाहीत, एवढंच बोलली आणि रडायला लागली. आत आजी नळ सोडून त्यांच्या भाषेत काहीतरी गुणगुणत होत्या.