बाईंची सम

तबला वाजवणाऱ्याने लोकांत मिसळावं कसं, हे मला कधी जमलं नाही. मैफलीत सगळे गाणाऱ्याभोवती जमतात, आणि आम्ही कोपऱ्यात हातोडी, पावडर गोळा करून पिशवीत भरत असतो. माझे वडील सरकारी नोकरीत होते, भाऊ वकील झाला, मी तबला धरला. घरच्यांनी माझा विषय काढणं सोडलं आणि मी काचीगुडा स्टेशनमागे एक खोली घेऊन राहू लागलो. लग्न राहून गेलं. तबलेवाल्याला मुलगी कोण देणार, असं मी हसत सांगायचो. खरं म्हणजे कुणी विचारलंच नव्हतं.

सकाळी तारनाक्याला नाचाच्या क्लासात तेच ते तुकडे वाजवायचे. लग्नसराईत ऑर्केस्ट्रात बसायचं. मग बाहेरच्या वस्तू आपल्याकडे धडाधड मिळू लागल्या, गच्च्यांवर डिश अँटेना आल्या आणि ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रॉनिक पॅड आलं. जीन्स घातलेला एक पोरगेला इसम दोन काठ्यांनी ढोलक, कोंगो, तबला सगळं एकटाच वाजवायचा. मला बोलावणी कमी झाली. दिवसच्या दिवस दूधवाल्याखेरीज कुणाशी बोलणं होत नसे, आणि तोही घाईत असायचा.

माणसात असल्यासारखा एकच दिवस जायचा, गुरुवार. अंबरपेठेत शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या एक गाणाऱ्या बाई राहत. यजमान वारलेले, मुलगा कॉम्प्युटरच्या कामासाठी अमेरिकेत. दर गुरुवारी पाचला त्या गायला बसत आणि मी साथीला. गाणं झालं की ज्वारीची भाकरी, गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, डाळ आणि गप्पा. निघताना म्हणायच्या, "येता ना पुढच्या गुरुवारी?" मला असं विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

बाई विलंबित एकताल गायच्या. बारा मात्रांचं संथ आवर्तन फिरून पहिल्या मात्रेवर येतं, तीच सम. तिथे गाणारा आणि तबला एकदम पोचले पाहिजेत, नाहीतर गाणं लंगडतं. सत्तरी जवळ आली तशा बाई समेवर उशिरा येऊ लागल्या. पहिल्यांदा झालं तेव्हा माझ्या हाताने आपणहून तोड काढली. दहाव्या मात्रेवरचा तिरकिट जरा सैल सोडला, डग्गा थोडा घुमवला, बाईंना यायला वेळ दिला आणि त्या आल्या तशी सम दिली. त्या खुशीत हसल्या. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

पुढे हे नेहमीचंच झालं. अर्धी मात्रा थांबायचं, कधी पाऊण. ऐकणाऱ्याला पत्ता लागू न देता ताल असा ताणायला चांगला हात लागतो, आणि माझा हात चांगला होता. तेवढा एक माज मला होताच. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात लोक म्हणाले, या वयात बाईंची लय कशी पक्की आहे! बाईंनी मान लववली. मी पिशवी भरत होतो.

मग मुलगा सुट्टीवर आला आणि आईसाठी तबल्याचं मशीन ठेवून गेला. बटण दाबलं की हवा तो ताल, हव्या त्या लयीत. आईला कुणावर अवलंबून राहायला नको, असं तो माझ्यादेखतच म्हणाला. वाईट मुलगा नव्हता. मला मात्र त्याचा राग आला.

दोन आठवड्यांनी बाई म्हणाल्या, "अहो, हे मशीन बिघडलंय. सम लवकर टाकतं." मी ते पिशवीत घालून बाजारातल्या दुकानात नेलं. काय निघणार ते मला ठाऊक होतं, तरी नेलं. दुकानदाराने चार आवर्तनं ऐकली. "बरोबर चल रा उस्ताद. इसकु खोलना नक्को," तो म्हणाला. मशीन ठीक चालत होतं.

बाईंना मी सांगितलं, "असतो बाई, मशीनमध्ये थोडा फरक असतो." त्यांना ते पटलं नाही. चाळीस वर्षं मुलींना ताल शिकवलेली बाई ती. म्हणाल्या, "मशीन लावा. त्याच्याबरोबर तुम्हीही वाजवा. मी गाते."

मी बटण दाबलं. मशीन सुरू झालं, मी त्याच्यावर ठेका धरला, बाईंनी ख्याल उचलला. पहिलं आवर्तन कसंबसं निभावलं. दुसऱ्यात अकरावी मात्रा आली तरी बाई अजून दूर होत्या. मी मनात म्हणत होतो, या वेळी थांबू नकोस. मशीनचा समेचा धिं पडला. माझा हात हवेतच राहिला आणि बाई आल्या तेव्हा पडला. खोलीत दोन समा वाजल्या, एक मशीनची, एक आमची.

बाईंनी हात पुढे करून बटण बंद केलं.

"किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

"तीन असतील."

"मंडळाच्या कार्यक्रमातसुद्धा?"

मी हो म्हणून मान हलवली. त्या म्हणाल्या, "मला सांगितलं असतंत तर मी बसून घोटलं असतं. तेव्हा जमलंही असतं. का नाही सांगितलंत?"

"तुमचं मन मोडवेना, बाई," मी म्हणालो.

हे खोटं होतं. बाईंना कळलं तर त्या गाणं बंद करतील आणि माझा गुरुवार जाईल, ही माझी भीती होती. एका घरी जेवायला आणि बोलायला मिळावं म्हणून मी त्यांच्या लयीला तीन वर्षं गंज चढू दिला. साथ हा शब्द मी तेव्हापासून जपून वापरतो.

पुढच्या गुरुवारी जावं की नाही, कळत नव्हतं. गेलो. बाईंनी दार उघडलं, पाणी दिलं, मशीन कपाटावर चढलं होतं. मी तबला सुरात लावला. बाईंनी डोळे मिटून आलाप सुरू केला. तासभर गायल्या. इतकं सुंदर मी त्यांचं कधी ऐकलं नव्हतं. आता तालातली बंदिश येईल म्हणून मी हात तबल्यावर ठेवून बसलो होतो. ती आली नाही. बाईंनी तंबोरा भिंतीला टेकवला आणि जेवणाची पानं घ्यायला आत गेल्या.

त्यानंतरचे सगळे गुरुवार त्या नुसता आलापच गायल्या. आलापाला तबला लागत नाही.