तळहातावरची टिक

दुबईत मंदी आली तेव्हा ऊद मेथात मी शिकवायचे त्या शाळेला तिसरीच्या गणितासाठी शिक्षक हवा होता. लहान वर्गांवर पुरुष टिकत नाहीत, असं प्रिन्सिपल म्हणायचे. मी म्हटलं, "आणून देते, आणि तयारही करते." पुण्याची आहे मी. बोलले की करतेच.

आमच्याच बिल्डिंगमध्ये नाशिकचे एक गृहस्थ राहायचे. बी.एड. झालेले, पण गल्फच्या ओढीनं साइटवर लागलेले. नव्या फ्लॅटमधले दोष शोधायचे आणि त्यांवर लाल गोल काढायचे, हे त्यांचं काम. सिलिकॉन ओएसिसमधला त्यांचा टॉवर अर्ध्यावर थांबला, नोकरी खलास! महिन्याभरात दुसरा व्हिसा मिळाला नाही तर बायकामुलांसकट परत. वहिनींनी खोकी भरायला घेतली होती.

"खोकी राहू द्या. भाऊ, उद्यापासून माझ्याकडे या."

रोज संध्याकाळी ते आमच्या हॉलमध्ये शिकवायचे. मी आणि माझे यजमान तिसरीतली मुलं व्हायचो. "यल्ला यल्ला करत घाई कसली लावलीय? साइट आहे का ही?" मी ओरडायची. पण गडी पटापट शिकला. मी निर्धास्त.

मग खऱ्या वर्गात सरावाचा तास झाला. भाऊंनी अपूर्णांक सुरेख समजावले. नंतर लाल पेन घेऊन बाकांमधून फिरले आणि चुकलेल्या प्रत्येक गणिताला गोल केला. बरोबर गणितांवर काहीच नाही! एक मुलगी रडायलाच लागली. "सर, इज एव्हरीथिंग राँग?"

बाहेर आल्यावर मी भडकले. "अहो, वही म्हणजे काय फ्लॅट आहे? बरोबर आलं त्याला टिक कोण करणार?"

"मॅडम, सरळ आलेल्या भिंतीकडे आमच्यात कोणी बघत नाही. इतकी वर्षं राबलो, मला तरी कोण चांगलं म्हणालं?"



पुढच्या तासाला प्रिन्सिपल स्वतः मागच्या बाकावर बसले. या वेळी टिका आधी पडल्या. एका पोराचं मात्र एकही गणित बरोबर नव्हतं. आमचे सर वाकून शोधत राहिले आणि शेवटी त्यानं आखलेल्या समासावर टिक केली. "व्हेरी स्ट्रेट लाइन! आता गणितं बघू." पोरगं सरसावून बसलं.

"रविवारपासून या," प्रिन्सिपल म्हणाले. तिथे तेव्हा शाळेचा आठवडा रविवारी सुरू व्हायचा.

बाहेर भाऊ नुसते उभे. मी त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि उजव्या तळहातावर ठसठशीत टिक केली. त्यांचे डोळे भरून आले, माझेही.

कँटीनमध्ये समोसे आले, तर भाऊ डाव्या हातानं खायला लागले.

"अहो, हे काय?"

"पुसली जाईल. हिला दाखवायचीय."