वैशाखातले गार सार

बहात्तरचा दुष्काळ पडण्यापूर्वीचा तो वैशाख. पुणतांब्यास गोदावरी आटून पैलतीराला लागली होती. वडिलांचा विषमज्वर उतरला होता, परंतु अन्नावरची वासना उडाली ती परतेना. पेजेचे दोन घोट घेऊन ते वाटी सारत. वैद्यांनी मला ओसरीवर बोलावून सांगितले, की ताप गेला हे खरे, पण पोटात अन्न गेले नाही तर अंगात पुन्हा शक्ती यायची नाही.

माझे लग्न त्याच माघात झालेले. पत्नी नगरची. तिचे वडील तेथील लष्कराच्या कचेरीत कारकून होते. तेथे त्यांच्या शेजारच्या घरी उन्हाळ्यात भाज्या शिजवून, घोटून, गार करून पीत असत, ते तिने आईला सांगितले. मामंजींना पचेल आणि रुचेलही, असे तिचे म्हणणे.

आईने विचारले, "भाजी प्यायची, तर मग खायचं काय?"

तरीही तिने होकार दिला. मात्र आमच्या घरी नैवेद्य दाखविल्यावाचून कोणी काही तोंडात घालीत नसे, त्यामुळे पदार्थ देवाला चालणारा हवा. कांदा-लसूण गेले. टोमॅटो परदेशी म्हणून गेला. बर्फ कोणाच्या हातचा कोण जाणे, म्हणून तोही गेला. उरले दुधी, काकडी, ताक, आले आणि जिरे. पत्नीने तेवढ्यावर भागविले. भल्या सकाळी दुधी शिजवून घोटला, निवल्यावर त्यात ताक आणि काकडीचा कीस कालविला, आणि ते सारे नव्या मडक्यात भरून, तोंडाला फडके बांधून, माठाखालच्या ओल्या वाळूत गळ्यापर्यंत पुरले. मध्यान्हापर्यंत मडक्याला हात लावला की बोटे सुखावत.

आता आमच्या स्वयंपाकघराचे दोन नियम सांगितले पाहिजेत. नैवेद्याचा पदार्थ चाखायचा नाही, हा पहिला. आणि सोवळ्यात असताना, नैवेद्य होईपर्यंत, आई मौन पाळीत असे, हा दुसरा.

मी देवापुढे पाण्याचे मंडल काढून वाटी ठेवली, तुळशीपत्र वाहिले, आणि तीच वाटी वडिलांच्या हाती दिली. दाराशी सासू-सून उभ्या होत्या. वडिलांनी घोट घेतला. थांबले. वाटीत पाहिले. पुन्हा एक घोट घेतला आणि वाटी रिकामी केली.

"कोणी केलं हे?"

"तुमच्या सुनेनं," आई म्हणाली.

"आज जिभेला काहीतरी कळलं. आणखी आण, सूनबाई."

आमच्या पानांवर सार आले तेव्हा आम्हांलाही कळले. तो घोट नव्हता, साक्षात समुद्र होता. आईने हळूच सुनेला विचारले, "तू मीठ घातलं होतंस?"

"हो, जिऱ्याबरोबर वाटून."

"मीही घातलं. विचारणार कसं?"

प्रसादाला नावे ठेवायची नाहीत आणि तो टाकायचाही नाही. तेव्हा प्रत्येक घोटामागे तांब्याभर पाणी पीत मी तो भक्तिभावाने संपविला. पत्नीचे हसू पदरात मावेना. आईने बराच वेळ गांभीर्य राखले, नंतर तिचेही खांदे हलू लागले.

दुसऱ्या दिवशी आईने निकाल दिला, "साराचं मीठ आजपासून तुझं." स्वयंपाकघरातली एवढी सत्ता तिने प्रथमच कोणाच्या हाती दिली. सार बेताचे, उत्तम झाले. वडिलांनी घोट घेऊन वाटी खाली ठेवली. "हे नुसतं पाणी आहे. कालचं सूनबाईनं केलं होतं, आजचं कोणी केलं?"

आईने मिठाची बरणी सुनेकडे सरकविली.

त्यानंतर वडिलांची वाटी वेगळी, आमची वेगळी. देवापुढे दोन्ही जात. देवाने कशालाच नाही म्हटले नाही. हळूहळू साराबरोबर मऊ भात जाऊ लागला, मग अर्धी भाकरी. वडील काठी घेऊन घाटापर्यंत जाऊन येऊ लागले. ज्येष्ठातल्या एका दुपारी त्यांनी पहिला घोट घेतला, कपाळाला आठी घातली आणि वाटी पुढे केली.

"सूनबाई, मीठ फार झालंय."

पत्नी ओशाळून काही बोलणार, तोच आईने तिचा हात धरला, तिला देवघरापुढे नेले आणि दोघींनी मिळून नमस्कार केला.