देव्हाऱ्यातली पिन

भोपाळच्या साकेत नगरात सुनंदा लघाटेंना ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. निम्म्या वस्तीला त्यांनी रसायनशास्त्र शिकवलं आहे आणि उरलेल्या निम्म्या वस्तीची दुपारची झोप त्यांच्या गाडीने मोडली आहे. निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात, गुडघ्यांना तेल लावतात, फारच झालं तर लेकाकडे जाऊन नातवंडं सांभाळतात. सुनंदाबाईंनी एक जुनी झेन गाडी घेतली, तिच्या मागच्या सीटा उपटून टाकल्या, आत पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवून घेतला आणि शहराबाहेरच्या एका बंद पडलेल्या हवाईपट्टीवर ती पळवायला सुरुवात केली.

हे खूळ भरवलं भाचीने. सई त्या हवाईपट्टीवर हौशी मंडळींच्या शर्यतीत भाग घ्यायची. एका वेळी एकच गाडी, रबरी शंकूंच्या मधून वळणं घेत जायचं, स्पर्धा फक्त घड्याळाशी. एकदा तिने गंमत म्हणून मावशीला एक फेरी मारू दिली. मावशी उतरल्या तेव्हा अंबाडा सुटलेला, चष्मा वाकडा आणि गाल लालबुंद. सईला वाटलं, आता रागावतील. मावशी एवढंच म्हणाल्या, "अजून एकदा."

त्या दिवसापासून घरात दोन पक्ष पडले. एका पक्षात सुनंदाबाई, दुसऱ्यात त्यांचे यजमान सुभाषराव. सुभाषराव म्हणजे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला अत्यंत सरळ माणूस. कुलूप लावल्यावर ते ओढून बघणार, मग चार पावलं जाऊन परत येऊन ओढणार. पोलादी पिंजरा त्यांनी पचवला, हेल्मेट पचवलं, शेजाऱ्यांचे टोमणेसुद्धा हसून पचवले. पण एक प्रश्न त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता. जेवताना, फिरायला जाताना, टीव्ही बघतानासुद्धा ते मध्येच विचारायचे, "आणि आग लागली तर?"

यंदा क्लबनेच नियम काढला की प्रत्येक गाडीत आग विझवायची पक्की यंत्रणा हवी. सुनंदाबाईंना वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. त्यांनी नवऱ्याला शब्द दिला, "यंत्रणा बसवते, तुम्ही तपासा. तुमचं समाधान झालं नाही तर दसऱ्यानंतरच्या रविवारी शर्यत सोडून मी घरात बसून चकल्या तळीन." ग्वाल्हेरच्या माहेरी शब्द दिला म्हणजे दिला, तिथे सवलत नसते. आता रविवार पूर्णपणे सुभाषरावांच्या समाधानावर अवलंबून होता, आणि सुभाषरावांचं समाधान आजवर कुणी पाहिलेलं नव्हतं.

दोघं अयोध्या नगरात केदारच्या गॅरेजमध्ये गेले. केदारचे आजोबा नागपूरहून सरकारी दफ्तराबरोबर भोपाळला आले आणि इथलेच झाले. नातवाच्या बोलण्यात मात्र नागपूर आणि भोपाळ एकाच ताटात जेवतात.

"काकू, पावडरवालं घेऊन टाका," केदार म्हणाला. "एकदम झकास. झंझटच नाही."

"झंझट कशी नाही? पावडर उडाली की मला समोरचं दिसणार नाही. नाकातोंडात जाईल ते वेगळंच. आणि नंतर तू महिनाभर वायरिंग झटकत बसशील."

"मग गॅसवालं घ्या. साफ काम आहे. गॅस सुटला, आग खतम, गाडी जशीच्या तशी."

सुभाषरावांनी हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला. "गॅस नको," ते म्हणाले.

सुभाषराव जन्माने भोपाळचे. चौऱ्याऐंशीच्या त्या डिसेंबरात ते कॉलेजात होते, आणि वायुगळतीच्या रात्री आईला पाठीवर घेऊन धावले होते. आई वाचली, पण पुढे आयुष्यभर तिचा श्वास वाजत राहिला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि इथे तर ताकाचं नावही तेच होतं. हा गॅस निराळा, तो निराळा, हे सुनंदाबाई फळ्यावर सूत्रं लिहून पटवू शकल्या असत्या. हजारो मुलींना त्यांनी याहून अवघड गोष्टी पटवल्या होत्या. पण त्या खडूला हात लावायला गेल्या नाहीत.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तसाही उघड्या खिडक्यांतून उडूनच जाईल. केदार, फेसवालं दाखव."

हेही खोटं नव्हतं. फेस म्हणजे पाणी आणि त्यात फेस करणारं द्रव्य. पेट्रोल पेटलं की फेस त्यावर पसरतो, हवा तोडतो आणि गार करतो. सुभाषरावांनी बाटली उलटसुलट करून पाहिली. "म्हणजे साबणच की," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदा जरा जीव आला.

मग केदारच्या नाकी नऊ आले. त्याने बाटली गाडीच्या तळाच्या पत्र्यावर स्क्रूने ठोकायला घेतली, तर काकूंनी खालून पोलादी पट्टी घालून नटबोल्टने आवळायला लावली. गाडी उलटली तर ही बाटलीच तोफगोळा होईल, म्हणाल्या. फेस उडवणाऱ्या दोन तोट्या ड्रायव्हरकडे, एक इंजिनाकडे. फेस सोडायला ओढायची मूठ कुठे बसवायची, यासाठी काकू पट्टे आवळून सीटवर बसल्या आणि जिथवर हात सहज पोचला तिथे, गियरजवळ, खडूची खूण केली. दुसरी मूठ बाहेर, काचेखाली, म्हणजे मदतीला धावणाऱ्याला ओढता यावी. आतल्या मुठीत एक इवलीशी पिन, तिला लाल फीत. पिन आत असली की मूठ ओढली जात नाही. शर्यतीच्या रेषेवर गेल्यावर पिन काढायची, एरवी नाही. हे सुनंदाबाईंनी नवऱ्याला समजावून सांगितलं आणि त्यांनी मान डोलावली.

मान डोलावणारी माणसं ऐकत असतात असा समज चाळीस वर्षं शिकवलेल्या बाईला तरी नसावा.

गाडी घरी आली ती नेमकी खंडेनवमीला. सुभाषरावांच्या घरी त्या दिवशी हत्यारांची पूजा व्हायचीच. वडिलांच्या वेळी पेन आणि सुरी असायची, आता पाने, जॅक आणि हेल्मेट होतं. पाटावर सगळं मांडून झाल्यावर त्यांना वाटलं, गाडीतलं सगळ्यात महत्त्वाचं यंत्र तर राहूनच गेलं. बाटली काढता येईना. तोट्या निघेनात. पण ही लहानशी, चकचकीत, लाल फितीची पिन अलगद हातात आली. एवढी सुबक वस्तू, जशी यंत्राची किल्लीच. किल्लीची पूजा आपल्यात करतातच. त्यांनी तिला हळदकुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या आणि देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी ठेवली. आणि पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नसतं, त्यामुळे ती तिथेच राहिली.

दसऱ्याला सकाळी दाराला तोरण, स्कूटरला माळ, शिलाई मशीनला माळ. झेनला झेंडूची भली मोठी माळ बॉनेटवर घातली आणि एक लहान माळ उरली. सुभाषराव ड्रायव्हरच्या सीटवर बसले. माळ अडकवायला गियरजवळ छान लाल मूठ होती. माळ जरा तिरपी दिसत होती. ती सरळ करायला त्यांनी खाली खेचली.

आवाज फारसा झाला नाही. प्रेशर कुकर उघडताना होतो तेवढाच. पण गाडीच्या काचा आतून पांढऱ्या झाल्या आणि उघड्या दारातून फेस अंगणातल्या रांगोळीवर उतरायला लागला.

सुनंदाबाई श्रीखंडाचा डाव हातात घेऊनच धावल्या. "अहो, बाहेर या. आधी बाहेर या."

आतून फक्त फेसच बाहेर येत राहिला. नळ्यांचा पिंजरा, पट्ट्या, पोलाद, सगळं स्वतःसाठी केलं होतं, आणि आत बसला होता हा माणूस, ज्याला एकाच गोष्टीची भीती होती. त्यांना आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती, दोनशे शंकू पाडले तरी वाटली नसती. त्यांनी फेसात हात घातला आणि सदऱ्याची बाही धरून ओढली.

फेसातून आधी चष्मा आला, मग मिशा. एका कानावर झेंडूचं फूल होतं. सुभाषराव जागचे हलले नाहीत. त्यांनी हाताने तोंड पुसलं, एक श्वास घेतला. मग दुसरा, जरा मोठा. मग छाती भरून तिसरा.

"सुनंदा," ते अगदी हळू म्हणाले, "श्वास घेता येतोय."

आणि ते हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते फेसाचं पाणी की दुसरं कुठलं, हे सुनंदाबाईंनी विचारलं नाही. त्याही हसल्या, डावातलं श्रीखंड साडीवर सांडेपर्यंत. मग एकदम बाईंमधली मास्तरीण जागी झाली आणि त्यांनी नवऱ्याला नळाखाली उभं करून डोळे धुवायला लावले, चुळा भरायला लावल्या.

दुपारी केदार आला. त्याने बॉनेट उघडलं, डोकं खाजवलं. "काका, तुम्ही तं कमाल करून टाकली. इंजिनवाल्या तोटीचा सगळा फेस बॅटरीवर पडून राहिला. पेट्रोलच्या नळीवर एक थेंब नाही. खरी आग लागली असती तं ही तोटी पूजा करत बसली असती."

"म्हणूनच मी तपासलं," सुभाषराव गंभीरपणे म्हणाले.

तोटी वळवली, बाटली भरून आणली, पिन देव्हाऱ्यातून परत मुठीत गेली. रविवारी सकाळी झेन हवाईपट्टीवर रेषेवर उभी राहिली. तिच्या कोपऱ्याकोपऱ्यांतून अजून झेंडूच्या पाकळ्या निघत होत्या. सुनंदाबाई पट्टे आवळून बसल्या. त्यांनी पिनेकडे हात नेला, तर खिडकीतून दुसराच हात आत आला. सुभाषरावांनी पिन स्वतः काढली, लाल फितीसकट शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिसा वरून दोनदा चाचपून पाहिला.

गाडी सुटली. तीन शंकू पडले, एक तर फरफटत बराच लांब आला. सई कठड्याशी शिट्ट्या मारत होती. क्रमांक शेवटून दुसरा आला, पण शेवटचा आला तो कॉलेजातला पोरगा होता, आणि सुनंदाबाईंना तेवढं पुरेसं होतं. गाडी रेषेपाशी येऊन थांबली. घामाने निथळत त्यांनी पिनेसाठी हात बाहेर काढला. दिलेला शब्द त्यांच्या लक्षात होता. नवरा "पुरे" म्हणाला असता तर त्या उतरल्या असत्या.

सुभाषरावांनी खिशावर हात ठेवला. पिन काढलीच नाही.

"अजून एकदा," ते म्हणाले.