गाडीत बसवलेली ज्वारी

जरा जवळ सरक गं पोरी, फोनवरच का व्हईना. नुसतं चित्र बघून लेकराची बाबागाडी मागवती व्हय? तू धाडलेल्या चित्रातली ती लाल छत्रीची गाडी बघितली अन् माझं डोकं पुन्हा तापलं. तू नुकती बसायला लागली होतीस, तवा माझा लेक, तुझा बाप, अशीच गाडी घ्यायला मला गुलमंडीच्या बाजारात घेऊन गेला. दुकानात नव्या रबराचा वास, अन् मालक नुसती छत्री उघडून-झाकून दाखवतोय. मी म्हटलं, ब्रेक दाखव. गंगापूरहून आणलेलं ज्वारीचं गाठोडं माझ्या हातात होतं, तुझ्याएवढंच जड. ते गाडीत बसवून मी पट्टा लावला. मालक हसला, "अम्मा, ये बच्चे की गाडी है, अनाज की नै!" गिऱ्हाइकंही लई हसली. मी त्यालाच ब्रेक दाबायला लावला, गाडी दारातल्या उतारावर उभी केली अन् हात सोडला. गाडी सरळ रस्त्यावर जाऊन उभ्या रिक्षाला धडकली, ज्वारी सगळीकडं सांडली. तरी तुझा बाप पुटपुटतो, "आई, लोक बघायलेत. ब्रेक दुरुस्त करून देतील ना ते." अंगाची लाही झाली माझ्या! भर बाजारात ओरडले, "सांडलेली ज्वारी गोळा करता येती रे, लेकरू कसं गोळा करशील?" गाडी घेतलीच नाय, तू माझ्या कडेवरच वाढलीस. त्या हसण्याचा राग मात्र अजून जिरला नाय बघ. तवा पैसे भरू नको. लेकराला घेऊन लवकर ये, दुकानात संगं जाऊ. गाठोडं मी बांधून ठेवते.